गोचिडी-पिसवांची औषधं : पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकांच्या दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर बसते, त्याला आता अकरा वर्षं झाली. गोचिडीचं औषध मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते, ‘घरात मांजर आहे का?’ लोक चक्रावतात. ‘अहो ताई, औषध कुत्र्याला हवंय.’ मांजराचं का विचारते ते प्रश्न ६ मध्ये आहे. खालचे प्रश्न काउंटरवर, फोनवर आणि रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर आलेले आहेत. मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या जनावराला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. फोटो पाठवलाय. ही गोचीड आहे, पिसू आहे की नुसती चामखीळ?

पिसू हलते. केस बाजूला केले की तपकिरी ठिपका सुर्रकन पळतो, नाहीतर उडी मारतो. ती हाती लागली नाही तरी तिची घाण सापडते: शेपटीच्या बुडाशी मिरपुडीसारखे काळे कण. ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवा आहेत. माती असेल तर डाग मातकटच राहतो.

गोचीड एका जागी तोंड रुतवून बसते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळ्यातल्या पट्ट्याखाली, जांघेत बघा. उपाशी असताना चपटी, मसुरीपेक्षा लहान. रक्त पिऊन टम्म झाली की एरंडीच्या बीसारखी करडी. तोंडाजवळ पाय दिसतात, चामखिळीला पाय नसतात. आणि हो, नर कुत्र्याच्या पोटावरही स्तनाग्रं असतात. ती गोचीड समजून ओढून जखम करून आणलेले कुत्रे मी दोनदा पाहिलेत.

२. आम्ही रोज हाताने वेचतो. तरी औषध द्यायलाच हवं का?

वेचणं चांगलंच, पण पुरत नाही. आपल्याकडे घराघरांत सापडणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाली की अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. तुम्ही वेचता त्या अंगावरच्या. पिसवांचं तर त्याहून वाईट: अंगावर दिसतात त्या एकूण पसाऱ्याच्या जेमतेम पाच टक्के, बाकी अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या चटईत-सोफ्यात.

खरी भीती गोचीड तापाची. एर्लिकिया आणि बबेसिया हे त्यातले नेहमीचे दोन. कुत्रा जेवण सोडतो, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके उठतात, बबेसियात लघवी काळ्या चहासारखी होते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन सहसा चार आठवडे चालतं. कुत्रा पाचव्या दिवशी शेपूट हलवायला लागला म्हणून गोळ्या बंद करणारे निम्म्याहून जास्त असतील. ताप उतरावा म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र देऊ नका. कुत्र्याला ती धोक्याची, मांजराचा तर एका गोळीत जीव जातो.

३. चिकटलेली गोचीड काढायची कशी? उदबत्तीचा चटका दिला तर सुटते म्हणतात.

चटका, रॉकेल, नेलपॉलिश, मीठ यातलं काही नको. त्रास दिला की गोचीड पोटातलं उलटं जखमेत सोडू शकते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तोंडापाशी धरा आणि हळू, सरळ वर ओढा. पिळू नका. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरत बसू नका, बहुधा तो आपोआप बाहेर पडतो. सुजलं तर दाखवा. काढलेली गोचीड नखावर चिरडायची सवय आपल्याकडे जुनी आहे, ती सोडा. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट किंवा साबणाचं दाट पाणी ठेवा आणि त्यात टाका.

४. थेंब, गोळी, स्प्रे, पट्टा, पावडर, शाम्पू… यांत नेमका फरक काय?

थेंब, म्हणजे स्पॉट-ऑन, मानेवर जीभ पोचणार नाही अशा जागी केस दुभागून कातडीवर सोडायचे. यातलं नेहमीचं औषध फिप्रोनिल. ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. त्यासोबत मेथोप्रीन असेल तर पिसवांची अंडीही वाया जातात. फिप्रोनिलचा स्प्रेही मिळतो.

चावून खायच्या गोळ्या ‘आयसोक्साझोलिन’ गटातल्या. नेक्सगार्डमध्ये अफोक्सोलॅनर, सिम्पारिकामध्ये सारोलॅनर. या महिन्याला एक. ब्रॅव्हेक्टोमधलं फ्लुरालॅनर सुमारे बारा आठवडे चालतं आणि ते भरल्या पोटी द्यायचं. यांबद्दल प्रश्न ९ आणि १० वाचा.

पट्ट्यांत वेगवेगळी औषधं असतात, म्हणून रंग बघून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. शाम्पू अंगावरच्या मारतो आणि धुऊन जातो. पावडर मी स्वतः कुणाला सुचवत नाही. अर्धी कुत्रा चाटतो, अर्धी लहान मुलं हुंगतात.

५. सरळ सांगा ना, सगळ्यात सुरक्षित कोणतं?

हा प्रश्न रोज येतो आणि नाव ऐकायला लोक पेन काढून बसलेले असतात. नाव सांगता येत नाही. सहा किलोच्या निरोगी स्पिट्झला जे औषध सहज मानवतं, तेच शेजारच्या बोक्याला मारू शकतं आणि झटके येणाऱ्या लॅब्रॉडॉरला अडचणीत आणू शकतं. म्हणून आधी मला सांगा: कुत्रा की मांजर, वय किती, आजचं वजन किती, आधी झटके किंवा मधुमेह आहे का, गाभण आहे का, आणि घरात दुसरं कोण राहतं. एवढं कळलं की दहा खोक्यांतली सात आपोआप बाजूला होतात.

वजन अंदाजाने सांगू नका. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा.

६. कुत्र्याचंच औषध मांजराला थोडंसं लावलं तर? एक थेंब फक्त.

नाही. एक थेंबही नाही.

पर्मेथ्रिन हे कुत्र्यांच्या कित्येक औषधांत असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणाच तोकडी असते, त्यामुळे औषध शरीरात साचत जातं आणि नसांवर चढतं. आधी कान आणि चेहरा फडफडतो, मग अंग थरथरतं, मग झटके. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही त्याच घराण्यातली. अपवाद म्हणजे मांजरासाठीच मंजूर झालेले फ्लुमेथ्रिनचे काही पट्टे. तेही खोक्यावर मांजराचं चित्र आणि नाव असेल तरच.

आणि मांजराला ते मुद्दाम लावायलाच हवं असं नाही, कुत्र्याच्या अंगावरून लागलं तरी पुरतं. माझा बोका गोट्या आमच्या कुत्रीच्या पोटाशी झोपायचा. मी काउंटरवर बसायला लागायच्या आधीची गोष्ट. एका दुकानातून आणलेलं धुवायचं औषध कुत्रीला लावलं, बाटलीवर डेल्टामेथ्रिन लिहिलं होतं, मी वाचलंसुद्धा नाही. रात्री दोनला गोट्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवा, चारही पाय ताठ, आणि मिशा टकटक हलत होत्या. दोन दिवस सलाइनवर राहून वाचला. तेव्हापासून तो पहिला प्रश्न.

मांजर असलेल्या घरात कुत्र्याला औषध द्यायचं असेल तर अंगावरून घासून लागणार नाही असं, म्हणजे पोटात जाणारं औषध बरं. पर्मेथ्रिनवालं आधीच लावून बसला असाल तर लावलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो दोन-तीन दिवस, दोघांना वेगळं ठेवा. मांजर थरथरतंय? थेट प्रश्न १७.

७. मग मांजराला काय?

सेलामेक्टिनचे थेंब, मांजराच्या मापाचं फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, किंवा फ्लुरालॅनरचे मांजरांसाठीचे थेंब. वजनानुसार डॉक्टर ठरवतील. एवढं लक्षात ठेवा: खोक्यावर मांजर छापलेलं नसेल तर ते मांजराचं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

८. गोठ्यात गाई-म्हशींना फवारतो तेच औषध कुत्र्याला चालेल ना? बाटली पडूनच आहे.

सातारा-सांगलीकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. गोठ्यात सहसा तीन गोष्टी असतात.

साडेबारा टक्क्यांचं अमिट्राझ. ते कुत्र्यांवरही वापरतात, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून, आणि ते पाणी त्याच दिवशी संपवायचं. ‘दोन झाकणं टाक’ या हिशेबाने कुत्रा सुस्त होऊन पडतो, ओकतो, नाडी मंदावते, अंग गार पडतं, रक्तातली साखर वाढते. चार महिन्यांखालचं पिल्लू, मधुमेही कुत्रा, मांजर आणि घोडा यांना ते अजिबात नको.

डेल्टामेथ्रिन. बुटॉक्स म्हणून गावोगाव ओळखतात ते. मांजराबद्दल वर सांगितलंच. कुत्र्यालाही गाई-म्हशींच्या प्रमाणात ओतायचं नाही.

तिसरं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. गाईच्या बाटलीतून एक मिलिलिटर ओढायचं आणि वीस किलोच्या कुत्र्याला टोचायचं, असं सर्रास चालतं. एक तर त्याने गोचिडीचा भरवशाचा बंदोबस्त होत नाही. दुसरं, कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरातल्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो; मेंदूत शिरलेलं औषध बाहेर फेकणारा पंपच त्यांच्यात बंद. आंधळेपणा, बेशुद्धी, कधी मृत्यू. तुमच्या कुत्र्याच्या आजोबांत कोण होतं हे तुम्हाला माहीत आहे का?

९. त्या गोळ्यांनी झटके येतात असं वाचलं. खरं आहे?

वाचलंत ते अर्धं खरं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाच्या गोळ्यांबाबत सूचना काढली: काही जनावरांत स्नायू थरथरणं, तोल जाणं आणि झटके दिसले, पूर्वी कधी झटके नसलेल्यांतही. त्याच सूचनेत हेही होतं की बहुसंख्य कुत्र्या-मांजरांसाठी ही औषधं सुरक्षित आणि परिणामकारक आहेत. गोळ्या बाजारातून काढल्या नाहीत. खोक्यावर इशारा आला.

मिरगीचा इतिहास असलेल्या कुत्र्याला ही गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला, फिप्रोनिलसारखा दुसरा मार्ग बहुधा निघतो. बाकीच्यांत आमच्याकडे जास्त दिसतं ते एखाद वेळेची उलटी किंवा पातळ शी. पहिली गोळी सकाळी द्या, रात्री झोपताना नको. दिवसभर तुमचं लक्ष राहतं आणि दवाखाने उघडे असतात. आणि गोचीड तापाने प्लेटलेट कोसळलेला कुत्रा ज्याने टेबलावर पाहिलाय, त्याला ‘औषधच नको’ हा सल्ला पटणार नाही.

१०. गोळी देऊन चार दिवस झाले, तरी गोचिडी दिसतात. बनावट निघाली का?

बहुतेक वेळा नाही. ही गोळी गोचिडीला दूर ठेवत नाही. औषध कुत्र्याच्या रक्तात असतं. गोचिडीने चावायचं, रक्त प्यायचं आणि मग मरायचं. औषधागणिक त्याला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. घरात किंवा सोसायटीच्या बागेत पसारा असेल तर रोज नव्या चढणार, रोज मरणार. दिसलेली गोचीड सुकलेली, न फुगलेली असेल तर औषध काम करतंय. टपोऱ्या फुगलेल्या, जिवंत गोचिडी आठवडाभरानेही सापडत असतील तर वजन, तारीख आणि खोकं घेऊन या.

बनावट माल असतोही. अर्ध्या किमतीत, खोक्याविना सुटी गोळी, बॅच नंबर खरवडलेला: असं दिसलं तर घेऊ नका.

११. मोठी गोळी घेऊन दोन छोट्या कुत्र्यांत अर्धी-अर्धी दिली तर पैसे वाचतात.

वाचतात, खरं आहे. पण गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं आहे अशी हमी कंपनी देत नाही, त्यामुळे एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी जाऊ शकतं. वजनाचे टप्पे असतात. नेक्सगार्डचे २ ते ४, ४ ते १०, १० ते २५ आणि २५ ते ५० किलो. त्यातलंच घ्या. पैशाची अडचण असेल तर तसं सांगा, लाजू नका; फिप्रोनिलचे देशी थेंब बरेच स्वस्त पडतात.

१२. दीड महिन्याचं पिल्लू आहे, पिसवांनी भरलंय. आणि त्याची आई अंगावर पाजतेय.

बहुतेक थेंब आणि गोळ्या आठ आठवड्यांनंतरच्या, गोळ्यांना किमान वजनाचीही अट. फिप्रोनिलचा स्प्रे दोन दिवसांच्या पिल्लापासून मंजूर आहे, पण किती फवारे ते वजनावर ठरतं, तेवढं विचारून घ्या. तोवर बारीक दातांच्या फणीने विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा. कोमट पाण्याने आंघोळ घातलीत तर लगेच कोरडं करा, पिल्लं फार पटकन गारठतात. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर विंचरत बसू नका, दवाखाना गाठा. एवढाल्या जिवाचं रक्त पिसवा खरोखर संपवतात.

गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीला फ्लुरालॅनरची गोळी युरोपातल्या मंजुरीनुसार चालते. तरी डॉक्टरांना विचारूनच.

१३. घरगुती उपाय? कडुनिंब, हळद, लसूण, कापूर?

कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी अंगावरून ओतलंत तर कुत्र्याचं बिघडत नाही, गोचिडीचंही फारसं नाही. हळदीने कुत्रा पिवळा होतो.

पुढच्यांपासून मात्र लांब राहा. लसणाने कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फुटतात. कापूर आणि डांबरगोळ्या विषारी. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन कातडीतून आत जातं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे डोक्याच्या उवांसाठी ती लावणाऱ्या आज्यांनाही माहीत होतं. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटल्यावर फुप्फुसं जातात. फिनाईल आणि डेटॉल मांजराच्या पंजाला लागले तरी चाटून पोटात जातात. माळ्यावर जुना गेमॅक्सिनचा डबा सापडला असेल तर तो उघडूही नका. त्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर भारतात १९९७ पासून बंदी आहे.

१४. आंघोळ कधी घालायची? आमच्याकडे पाऊस थांबतच नाही.

फिप्रोनिलच्या थेंबांआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. तेलकट कातडीवर औषध पसरतं, शाम्पूने तेल गेलं की पसरायला काही उरत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हे जमणार नाही, तिथे गोळी सोयीची. तिला पावसाचं सोयरसुतक नाही.

१५. कुत्र्याला औषध दिलं, पण गोचिडी भिंतीवर चढताहेत. काय करू?

तपकिरी गोचिडीचा स्वभावच वर चढायचा. तिचं अख्खं आयुष्य घरात पार पडू शकतं, जंगल लागत नाही. टॉर्च घेऊन बघा: खिडकीच्या चौकटी, स्विचबोर्डच्या कडा, पडद्याच्या चुण्या, पलंगाचे सांधे, कुत्र्याच्या जागेमागची भिंत. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फिरवा आणि पिशवी लगेच बाहेर टाका. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. पेस्ट कंट्रोल बोलावलंत तर जमीन-भिंत वाळेपर्यंत जनावरं बाहेर. फिश टँक झाकून पंप बंद, कारण ही औषधं माशांना फार लवकर मारतात. पक्ष्यांचे पिंजरेही हलवा. मुंग्या-झुरळांच्या खडूने रेघा ओढणाऱ्यांनो, त्या खडूतही सहसा त्याच पर्मेथ्रिनच्या घराण्यातलं औषध असतं, आणि मांजर त्यावरून चालून पाय चाटतं.

एकदा करून भागत नाही. पिसवांचे कोष महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून घरातल्या सगळ्या जनावरांचं औषध किमान तीन महिने सलग चालू ठेवा. पिसवा असलेल्या घरात जंताचंही औषध विचारा. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर तो पट्टकृमी, आणि तो पिसू गिळल्यानेच होतो.

ससा पाळलाय? त्याला फिप्रोनिल कधीही नाही. त्याने ससे मरतात.

१६. आम्ही दोडामार्गचे. कुत्रा काजूच्या बागेत फिरतो. माकडतापाची भीती आहे का?

माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा आजार, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा भागात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये तुमच्या दोडामार्गात त्याची साथ आली. तो पसरवणारी मुख्य गोचीड जंगलातली, भिंतीवर चढणारी नव्हे, पण कुत्र्याच्या किंवा गुरांच्या अंगावरून ती अंगणापर्यंत येऊ शकते.

कुत्र्याला दिलेली गोळी तुम्हाला वाचवत नाही. साधारण डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ. बागेत जाताना पूर्ण बाह्या, गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं आरोग्य विभागाचं डेपा तेल, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कुत्र्याची अंगणातच तपासणी. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. शहरवाल्यांसाठीही एक: कुत्र्याच्या गोचिडीने माणसालाही पुरळ उठणारा ताप येऊ शकतो. डॉक्टरांना ‘घरात गोचिडी आहेत’ हे आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारत नाहीत.

१७. औषध चाटलं / जास्त पडलं / मांजर थरथरतंय. आत्ता काय करू?

अंगावर लावलेलं असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. गरम पाण्याने कातडीतून औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्याने मांजर गारठतं. टॉवेलात गुंडाळा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. झटके चालू असतील तर धुवायलाही थांबू नका. बाटली किंवा खोकं सोबत घ्या, रिकामं असलं तरी, आणि निघा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल बहुतेकांना माहीत असतं. बाकीच्यांनी आपल्या गावात रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा.

फिप्रोनिल चाटल्यावर नुसती तोंडाला फेसाळ लाळ आली तर ती बहुधा औषधाच्या कडू चवीमुळे असते, पाणी ठेवा आणि लक्ष ठेवा. अमिट्राझ आणि पर्मेथ्रिनच्या बाबतीत असं थांबून बघायचं नाही.

१८. गल्लीतल्या कुत्र्यांना आम्ही जेवण घालतो. त्यांना काय देता येईल?

हात लावू देत नाहीत, म्हणून गोळी. आधी खायला देऊन दोन-तीन दिवस ओळख वाढवा, मग उकडलेल्या अंड्याच्या बलकात किंवा चिकनच्या तुकड्यात दडवून द्या, आणि ज्याला द्यायची त्यानेच खाल्ली हे उभं राहून बघा. वजनाचा अंदाज घेताना फोटो दवाखान्यात दाखवा. अंगापिंडाने मध्यम गावठी कुत्रा सहसा पंधरा ते वीस किलोंत बसतो. कोणाला कधी दिली ते वहीत लिहा. आमच्याकडे एका आजोबांची अशी वही आहे, नावांऐवजी खुणा: ‘तुटका कान’, ‘पांढरे मोजे’, ‘पोस्टमनवर भुंकणारी’. पोस्टमनवर भुंकणारीने जानेवारीत गोळी थुंकली होती, तेही लिहिलंय.